मोठा कॅथोड बांधायचा तर आधी उष्णतेचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे: २५ मिलिमीटर व्यासाची लॅन्थॅनम हेक्साबोराइडची चकती कॅथोड म्हणून, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग म्हणून वापरून तुमचा हेलियम प्लाझ्मा (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू) उत्तम चालतो. आता आल्फवेन तरंगांच्या (प्लाझ्मात चुंबकीय रेषांना धरून जाणाऱ्या तरंगांच्या) प्रयोगासाठी ३० सेंटिमीटर जाडीचा आणि काही मीटर लांबीचा प्लाझ्मा स्तंभ हवा आहे. तीच चकती बारापट व्यासाची करावी, की निकेलवर बेरियम ऑक्साइडचा लेप द्यावा? आणि पॉवर सप्लाय केवढा घ्यावा?

तुम्ही पदार्थाबद्दल विचारले आहे. पण मी आजवर जे मोठे कॅथोड बांधले किंवा दुसऱ्यांचे दुरुस्त केले, त्यांत इलेक्ट्रॉन कमी पडले म्हणून काम अडले असे जवळजवळ कधीच झाले नाही. दर वेळी काम अडले ते उष्णतेपाशी: ती पुरवायची कशी, सगळीकडे सारखी ठेवायची कशी आणि तापलेल्या वस्तू एकमेकींना खाणार नाहीत अशा मांडायच्या कशा. म्हणून उत्तराची सुरुवात हिशेबापासून करते.

औष्णिक उत्सर्जनाचे, म्हणजे कोणत्या तापमानाला किती इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते सांगणारे रिचर्डसन सूत्र तुम्हाला माहीत आहेच. लॅन्थॅनम हेक्साबोराइडसाठी वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर काढायला लागणारी ऊर्जा) २.६६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि सूत्रातला स्थिरांक २९ धरला, तर १९०० केल्विनला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९ अँपिअर मिळतात. तुमची चकती सुमारे ५ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे ४५ अँपिअर. आता त्याच तापमानाला किती उष्णता बाहेर पडते ते पाहा. उत्सर्जकता (आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती उष्णता सोडतो तो वाटा) ०.७ धरली तर दर चौरस सेंटिमीटरला ५२ वॅट. छोट्या चकतीच्या एका तोंडाचे अडीचशे वॅट होतात आणि ते कोणीही पुरवू शकते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कॅथोडचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर आहे. फक्त समोरच्या तोंडातूनच ३७ किलोवॅट जातील आणि ते तोंड तुम्ही झाकू शकत नाही, कारण प्लाझ्मा तिथूनच निघायचा आहे. मागची आणि कडेची गळती यात धरलेलीच नाही.

आता उलट बाजूने विचार करा. ७०० चौरस सेंटिमीटरमधून तुम्हाला खरोखर सहा हजार अँपिअर हवे आहेत का? बहुतेक नसावेत. दीड हजार अँपिअर पुरणार असतील, तर दर चौरस सेंटिमीटरला २ अँपिअर हवेत आणि ते १७५० केल्विनला मिळतात. तिथे समोरून जाणारी उष्णता २६ किलोवॅटवर येते. उत्सर्जन साडेचार पटींनी खाली आले, उष्णता मात्र तीस टक्क्यांनीच कमी झाली, याची नोंद घ्या. हा व्यवहार महाग वाटेल, पण माझे मत तरीही कमी तापमानाच्या बाजूने आहे. तापमान वाढते तशी कॅथोडची झीज उत्सर्जनापेक्षाही वेगाने वाढते, आणि उडालेला पदार्थ तुमच्या प्रोबवर (प्लाझ्मात घालायच्या मोजमापाच्या टोकावर), खिडक्यांवर आणि इन्सुलेटरवर जाऊन बसतो.

हा आकार तुम्हाला खरोखर हवा आहे का, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. ०.१ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात, घन सेंटिमीटरला सुमारे दोन लाख कोटी इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियममध्ये आल्फवेन वेग सेकंदाला ७७० किलोमीटरच्या आसपास येतो. २०० किलोहर्ट्झचा तरंग घेतला तर त्याची लांबी जवळजवळ चार मीटर. म्हणजे लांबीची गरज खरी आहे. आडवा आकार किती हवा हे मात्र वेगळ्या गोष्टी ठरवतात. याच प्लाझ्मात इलेक्ट्रॉनची स्किन डेप्थ (विद्युतचुंबकीय बदल प्लाझ्मात जितका आत शिरतो ते अंतर) सुमारे ४ मिलिमीटर आहे आणि एक इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाच्या हेलियम आयनाची वर्तुळगतीची त्रिज्या २ मिलिमीटर. कडेच्या घनता-उतारापासून दूर राहून तरंगाचा आडवा नमुना मोजायचा असेल तर ३० सेंटिमीटरचा स्तंभ छान. पण स्तंभ ३० चा हवा म्हणून कॅथोडही ३० चाच हवा, असे नाही.

प्लाझ्मा चुंबकीय रेषांना धरून जातो. कॅथोडपाशी क्षेत्र प्रयोगाच्या भागापेक्षा चौपट ठेवले तर रेषा पुढे पसरतात आणि १५ सेंटिमीटरच्या कॅथोडमधून ३० सेंटिमीटरचा स्तंभ मिळतो. याची किंमत घनतेत मोजावी लागते, कारण तोच प्रवाह चौपट क्षेत्रफळावर वाटला जातो. पण लॅन्थॅनम हेक्साबोराइड घनतेच्या बाबतीत उदार आहे, तेवढा तोटा ते सोसते. शिवाय तापवायचे क्षेत्रफळ एक चतुर्थांशावर येते. चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या तुमच्या टोकाच्या कॉइलना जास्त प्रवाह देता येत असेल, तर सगळ्यात आधी हाच पर्याय कागदावर तपासा. कॉइल आणि त्यांचा सप्लाय हे थंड, शांत, भरवशाचे भाग असतात. १९०० केल्विनची भट्टी तशी नसते.

आता पदार्थ. ऑक्साइडच्या लेपाचा कॅथोड वेनेल्ट यांनी १९०४ मध्ये दाखवला आणि रेडिओ व्हॉल्व्हच्या सगळ्या जमान्यात तोच चालला. त्याचे वर्क फंक्शन कमी असल्यामुळे ११५० केल्विनच्या आसपास काम होते. उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे १९०० केल्विनच्या तुलनेत इथे दर चौरस सेंटिमीटरला सातपट कमी शक्ती लागते. मोठ्या कॅथोडसाठी हा फार मोठा फायदा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत वॉल्टर गेकेलमन यांच्या गटाने १९९१ च्या सुमारास उभे केलेले लार्ज प्लाझ्मा डिव्हाइस आणि नंतरची त्याची मोठी आवृत्ती, दोन्ही वर्षानुवर्षे बेरियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या निकेलच्या कॅथोडवर चालली. सेकंदाला एक स्पंद (पल्स), मोजमापासाठी शांत आणि पुन्हा पुन्हा तसाच येणारा प्लाझ्मा: या कामाचा तो नमुनाच म्हणायला हवा.

मग सगळे तेच का वापरत नाहीत? कारण हा लेप फार हळवा असतो. तो कार्बोनेटच्या रूपात फवारतात. निर्वातात तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्साइड उरते आणि निकेलमधली अल्प अशुद्धी त्यातून थोडे मोकळे बेरियम तयार करते. उत्सर्जन त्या बेरियमवर अवलंबून असते. एकदा हे झाले की हवा लागता कामा नये. निर्वात पात्रात थोडी जरी गळती झाली किंवा गरम कॅथोडवर पाण्याची वाफ आली, की त्याला विष चढते आणि प्रवाह खाली येतो. कधी पुन्हा तापवून तो सावरतो, कधी नाही. लेप जाड-पातळ झाला तर प्लाझ्माही तसाच ठिगळांचा मिळतो. ज्या प्रयोगशाळेत पात्र वर्षातून एकदा उघडते तिथे हे जमते. दर आठवड्याला नवा प्रोब बसवायला पात्र उघडावे लागत असेल आणि मध्ये एअरलॉक (पात्रात हवा न शिरू देता वस्तू आत घालायची कोठी) नसेल, तर या वाटेला जाऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन.

लॅन्थॅनम हेक्साबोराइडचे गुण लॅफर्टी यांनी १९५१ मध्ये मांडले आणि गोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मोठ्या क्षेत्रफळाचा उत्सर्जक करून दाखवला. थंड असताना याला हवा लागली तरी चालते. गरम असतानाही ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ ते ऑक्साइडच्या लेपापेक्षा कितीतरी जास्त सहन करते. उत्सर्जन पृष्ठभागावरच्या लेपातून येत नाही, संपूर्ण पदार्थच उत्सर्जक आहे, त्यामुळे वरचा थर झिजला तरी खालून तसाच थर वर येतो. मोठ्या प्लाझ्मा यंत्रांत आता ओढा याच पदार्थाकडे आहे, लॉस एंजेलिसचे यंत्रही त्याच वाटेने गेले. तुमची चकती आधीच या पदार्थाची आहे आणि तुमच्या हाताला त्याची सवय आहे. ही सवय मी हिशेबात धरते.

तिसरा पर्याय टंगस्टनच्या फिलामेंटचा. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमधील लार्ज व्हॉल्यूम प्लाझ्मा डिव्हाइसमध्ये अनेक फिलामेंट मांडून दोन मीटर व्यासाच्या पात्रात प्लाझ्मा तयार करतात. चुंबकीय क्षेत्र कमी आणि घनता माफक असेल तर ही सरळ, दुरुस्तीला सोपी वाट आहे. तुमच्या घनतेसाठी मी ती सुचवणार नाही.

आता ज्या भागाबद्दल लिखित साहित्यात दोन ओळी असतात आणि प्रत्यक्षात ज्यावर महिने जातात, तिथे थोडी थांबते. लॅन्थॅनम हेक्साबोराइड गरम झाले की त्यातला बोरॉन शेजारच्या धातूत शिरतो. टंगस्टन, मॉलिब्डेनम, टँटलम, कोणीही सुटत नाही. धातू ठिसूळ होतो आणि बोराइडही बिघडते. माझ्या पहिल्या मोठ्या कॅथोडची पकड मॉलिब्डेनमची होती. काही आठवडे सगळे सुरळीत चालले. उघडून पाहिले तर बोराइडची टाइल टेकलेल्या जागी धातूला खड्डे पडले होते, आणि पकडीचा एक कान बोटाने दाबताच तुटला. तेव्हापासून टाइलला स्पर्श करेल ते फक्त ग्रॅफाइट, हा नियम मी मोडलेला नाही. ऱ्हेनियम आणि टँटलम कार्बाइडही चालतात. पण मोठ्या क्षेत्रफळाला ग्रॅफाइटच परवडते, आणि त्याचे उष्णतेने होणारे प्रसरण बोराइडशी जुळणारे निवडता येते.

प्रसरणाचा हिशेब वेगळा करा. या पदार्थाचे प्रसरण दर केल्विनला लांबीच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे सहापट आहे. सोळाशे अंशांनी तापल्यावर ३० सेंटिमीटरची चकती जवळजवळ ३ मिलिमीटरने वाढते. ती स्क्रूने घट्ट बसवली तर तडकणारच. कडेचा भाग मधल्यापेक्षा थंड राहिला तरी तडकेल, कारण पदार्थ ठिसूळ आहे आणि ताण सहन करत नाही. म्हणून एकसंध मोठी चकती घेऊ नका. मध्यम आकाराच्या टाइल घ्या, त्या ग्रॅफाइटच्या खाचेत सैल ठेवा, आणि दोन टाइलमधली फट थंड असताना मोजून ठेवा. फटीतून मागचे ग्रॅफाइट दिसू नये म्हणून टाइलच्या कडा पायरीसारख्या कापून एकीवर एक चढवता येतात. टाइलला तडा गेला म्हणून घाबरू नका. तडा गेलेला तुकडा जागेवर असेल आणि तापत असेल तर तो उत्सर्जन करतो. खाली पडला तर मात्र प्रयोग थांबतो.

हीटरसाठीही ग्रॅफाइटच. त्याला व्होल्टेज कमी आणि प्रवाह जास्त लागतो: ३० किलोवॅटसाठी ३० व्होल्ट आणि हजार अँपिअर असे काहीतरी. हा हजार अँपिअर ०.१ टेस्ला क्षेत्रात आडवा वाहिला तर दर मीटरला १०० न्यूटन बल लागते, म्हणजे वाहकाच्या प्रत्येक मीटरवर दहा किलो वजन टांगल्यासारखे. तापलेल्या ठिसूळ ग्रॅफाइटला हे झेपणार नाही. म्हणून जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे बलांची बेरीज शून्याजवळ येते आणि हीटरचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्रही प्लाझ्मात घुसत नाही. प्रत्येक पट्टीवरचे बल मात्र उरतेच, तेव्हा आधार जवळजवळ द्या. प्रवाह डीसी ठेवा. एसी दिला तर हीटर दर चक्राला हलतो आणि थकून मोडतो. मागच्या बाजूला पातळ पत्र्यांच्या हीट शील्ड लावा. आदर्श परिस्थितीत एक पत्रा गळती निम्मी करतो, चार पत्रे एक पंचमांशावर आणतात. प्रत्यक्षात कडेच्या फटी आणि टेकू यांतून बरेच निसटते, म्हणून हिशेबापेक्षा तीस-चाळीस टक्के जादा शक्तीचा सप्लाय घ्या. तुमच्या पॉवर सप्लायच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: १५ सेंटिमीटरच्या कॅथोडला १५ किलोवॅट, ३० च्याला ५० किलोवॅट, या घरात विचार करा.

हीटरचा सप्लाय कॅथोडच्याच विभवावर तरंगता, म्हणजे जमिनीला न जोडलेला असला पाहिजे. हे विसरले जाते आणि पहिल्याच स्पंदाला सप्लाय जळतो. तसेच कॅथोड-ॲनोडचा सगळा परिपथ पात्रापासून वेगळा ठेवा, आणि फक्त मोठ्या रोधातून पात्राला जोडा. नाहीतर प्रवाह पात्राच्या भिंतीची वाट धरतो. ॲनोड म्हणून मॉलिब्डेनमची जाळी कॅथोडसमोर अर्ध्या मीटरवर ठेवतात. ही मांडणी मला फार आवडते. डिस्चार्जचा प्रवाह कॅथोड आणि जाळी यांच्यामध्येच फिरतो. जाळीपलीकडे वेगवान प्राथमिक इलेक्ट्रॉन निसटून जातात आणि हेलियमचे आयनीभवन करत राहतात. त्यासाठी २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून डिस्चार्ज ५०–६० व्होल्टवर सुखाने चालतो. जाळीपलीकडच्या प्लाझ्मातून निव्वळ प्रवाह वाहत नाही, त्यामुळे तो शांत असतो आणि तुमचा तरंग त्यात स्वच्छ दिसतो.

एकसारखेपणा तापमानावर किती अवलंबून आहे ते पाहा. १९०० वरून १९५० केल्विनला गेलात तर उत्सर्जन साठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे कॅथोडच्या मध्यात आणि कडेला फक्त पन्नास अंशांचा फरक असला तरी प्लाझ्माची घनता मध्ये टेकडीसारखी उंच होईल. यावर दोन उपाय आहेत. पहिला, हीटरचे आतले आणि बाहेरचे असे दोन भाग करून बाहेरच्याला जास्त शक्ती देणे. दुसरा जास्त परिणामकारक: कॅथोड गरजेपेक्षा थोडा जास्त गरम ठेवणे, म्हणजे प्रवाहाची मर्यादा उत्सर्जन ठरवत नाही, समोरच्या प्लाझ्मातून येणारे आयन ठरवतात. हेलियममध्ये पृष्ठभागावर येणाऱ्या आयन-प्रवाहाच्या सुमारे चाळीसपट इलेक्ट्रॉन-प्रवाह बाहेर पडू शकतो, त्यापुढे अवकाश-प्रभार, म्हणजे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचाच साचलेला ऋण प्रभार अडवतो. या अवस्थेत पन्नास अंशांचा फरक जवळजवळ दिसेनासा होतो. तुम्ही कुठल्या अवस्थेत आहात हे कळणे सोपे आहे. हीटरची शक्ती थोडी वाढवा: डिस्चार्जचा प्रवाह वाढला तर तापमान तुम्हाला अडवते आहे, तिथेच राहिला तर प्लाझ्मा.

तापमान अडवते त्या अवस्थेत एक धोकाही आहे. जिथे पृष्ठभाग थोडा गरम, तिथे उत्सर्जन जास्त, तिथे आयनांचा माराही जास्त, आणि तो भाग आणखी तापतो. ६० व्होल्ट, दीड हजार अँपिअर, १५ मिलिसेकंद: एका स्पंदात १३५० ज्यूल. सेकंदाला एक स्पंद असेल तर सरासरी १.३५ किलोवॅट, आणि त्यातला काही भागच कॅथोडवर पडतो. एवढे चालते. पण स्पंदाची लांबी किंवा वारंवारता वाढवताना खिडकीतून कॅथोड डोळ्यांनी पाहत राहा. मी एकदा स्पंद दुप्पट लांब केला आणि नोंदी पाहण्यात गुंतले. मान वर केली तेव्हा एका टाइलचा कोपरा बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसत होता. तेव्हापासून कॅमेरा कायम लावलेला असतो. पायरोमीटर (तापलेल्या वस्तूच्या उजेडावरून तापमान मोजणारे उपकरण) वापराल तर खिडकीवर जमणारा थर त्याला हळूहळू कमी तापमान दाखवायला लावतो, हे ध्यानात ठेवा. वाचन घेतले नाही तेव्हा खिडकीपुढे झडप लावून ठेवावी.

पहिल्यांदा तापवताना घाई नको. ग्रॅफाइट सच्छिद्र असते, त्यात पाणी भरपूर असते. दाब वाढला की तापमान तिथेच थांबवा, पंपाला वेळ द्या, मग पुढे जा. माझ्याकडे पहिल्या फेरीला दोन दिवस लागतात, नंतरच्या फेऱ्यांना काही तास. थंड करतानाही तितकेच सावकाश. शीतजलाचा प्रवाह थांबला तर हीटर आपोआप बंद झाला पाहिजे. पण भट्टीत साठलेली उष्णता त्यानंतरही बाहेर येत राहते, म्हणून पाण्यासाठी वेगळा राखीव पंप असावा.

इतके वाचून लगेच ३० सेंटिमीटरचा आराखडा काढू नका. आधी तुमच्या सध्याच्या पात्रात दोनच टाइल, ग्रॅफाइटची खाच आणि खऱ्या मापाच्या हीटरचा एक तुकडा एवढेच तापवा, चुंबकीय क्षेत्र चालू ठेवून. दहा वेळा गरम-थंड करा आणि उघडून स्पर्शाच्या जागा भिंगाखाली पाहा. ते चालू असताना तुमच्या टोकाच्या कॉइलमधून जास्तीत जास्त किती क्षेत्र मिळते, पात्र महिन्यातून किती वेळा उघडता आणि इमारतीत किती किलोवॅट मिळू शकतात, हे तीन आकडे कळवा. ते आले की १५ चा कॅथोड घ्यायचा की ३० चा, हे मी तुमच्याबरोबर बसून ठरवू शकेन.